पोस्टाने नाच शिकवणारा माणूस

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये चरित्र म्हटलं की सर विश्वेश्वरय्या, टेस्ला आणि स्टीव्ह जॉब्स ही नावं ठरलेली. त्यांच्याबद्दल मला आदर आहेच, पण दर वर्षी तेच किती वाचायचं? मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे त्यानं ना धरण बांधलं, ना मोटर बनवली. पण तो ड्राफ्ट्समन होता, एका टेक्निकल कॉलेजचा विद्यार्थी होता, आणि माणसाची हालचाल कागदावर काढून त्यानं ती पोस्टाने लाखो लोकांना विकली. त्याचं नाव आर्थर मरे. अमेरिकेतल्या आपल्या आजी-आजोबांच्या वयाच्या कोणालाही विचारा, नाच शिकणे आणि आर्थर मरे हे त्यांच्या डोक्यात एकच असतं.

हा आर्थर जन्माने आर्थर नव्हता आणि अमेरिकनही नव्हता. मोझेस टाइशमन नावाचा हा ज्यू मुलगा ४ एप्रिल १८९५ रोजी गॅलिशियात जन्मला. तेव्हा तो भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. १८९७ मध्ये आई त्याला घेऊन बोटीने न्यूयॉर्कला आली आणि कुटुंब लोअर ईस्ट साइड भागात लडलो स्ट्रीटवर राहू लागलं. गिरणगावातल्या चाळीचं वर्णन तुम्ही वाचलं असेल, तर तिथल्या एकावर एक रचलेल्या खोल्या वेगळ्या सांगायला नकोत.

मुलगा उंच, काटकुळा आणि भयंकर लाजाळू. पोरींशी बोलायचं म्हणजे घाम फुटायचा. (आमच्या मेकॅनिकल ब्रँचमधली निम्मी मुलं डोळ्यांसमोर आली ना?) बाकीची पोरं शनिवारी नाचायला जायची आणि हा भिंतीला टेकून. शेवटी चौदाव्या वर्षी एका मित्राने त्याला पहिल्या स्टेप्स शिकवल्या. आता सराव कुठे करायचा? तर आसपासच्या लग्नांमध्ये! लग्नात नाचायला उत्सुक बायका भरपूर: कोणी जाड, कोणी बुटकी, कोणी आजी, कोणी शाळकरी. आर्थर सगळ्यांबरोबर नाचला. मला वाटतं यापेक्षा चांगली लॅब त्याला मिळालीच नसती. एकाच पार्टनरबरोबर घोटून घोटून नाच बसवला, की माणूस त्या एका पार्टनरपुरता नाचायला शिकतो. दर पाच मिनिटांनी समोरचं वजन, उंची आणि पावलाची लांबी बदलत असेल, तर मात्र स्वतःच्या शरीरातलं काय कायम ठेवायचं आणि काय बदलायचं हे आपोआप कळत जातं.

ब्रॉन्क्समधल्या मॉरिस हायस्कूलचं शिक्षण झाल्यावर तो ग्रँड सेंट्रल पॅलेस नावाच्या सार्वजनिक डान्स हॉलमध्ये जाऊ लागला. तिथेच त्यानं पहिली स्पर्धा जिंकली. बक्षीस होतं वॉल्थम कंपनीचं खिशातलं घड्याळ. गंमत म्हणजे ते घड्याळ त्या रात्रीची पार्टनर घरी घेऊन गेली, पुढे ते गहाणवटीच्या दुकानात पोहोचलं, आणि विजेता हात हलवत घरी. ही गोष्ट त्याला आयुष्यभर लागून राहिली असावी, कारण पुढे पैशाच्या बाबतीत हा माणूस कधी हात हलवत गेला नाही. १९१२ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, तो दिवसा ड्राफ्ट्समन म्हणून ड्रॉइंग बोर्डवर रेघा ओढायचा आणि रात्री त्याच हॉलमध्ये नाच शिकवायचा. दिवसाची ही नोकरी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्या काळी अमेरिकेत व्हर्नन आणि आयरीन कॅसल या जोडप्याचा बोलबाला होता. रॅगटाइम संगीतावर तरुण पोरं टर्की ट्रॉट, ग्रिझली बेअर असले प्राण्यांच्या नावाचे नाच करायची आणि वडीलधारे कपाळावर हात मारायचे. कॅसल जोडप्याने त्यातली आदळआपट काढून तोच नाच सभ्य लोकांच्या दिवाणखान्यात आणला. आर्थर त्यांच्याकडे शिकला, मग त्यांच्याकडेच शिकवू लागला. तिथे त्याला स्टेप्स मिळाल्या त्या मिळाल्याच, पण एक जुगाडही मिळाला. रस्त्यावर जन्मलेला नाच उचलायचा, त्याच्या कडा घासायच्या, आणि ज्यांना रस्त्यावर जायची भीती वाटते त्यांना तो विकायचा. हा जुगाड त्यानं पन्नास वर्षं वापरला. तो चांगला की वाईट, यावर आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन तास भांडण होऊ शकतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि अमेरिकेत जर्मन वाटणाऱ्या नावांकडे लोक संशयाने बघू लागले. टाइशमनचा मरे झाला. नॉर्थ कॅरोलिनातल्या अॅशव्हिल गावी, श्रीमंत लोक हवापालटाला येत अशा एका हॉटेलात तो नाच शिकवत होता. मग १९२० च्या आसपास तो अटलांटाला जॉर्जिया टेकमध्ये दाखल झाला. विषय मात्र आपल्यासारखे नव्हेत, कॉमर्सचे. शिकता शिकता शहरातल्या मुलांना नाच शिकवून तो बक्कळ कमवत होता.

आता जे सांगते ते तर आपल्या ईएनटीसीवाल्यांनी टेकफेस्टला पुन्हा करून बघावं असं आहे. १९२० मध्ये मरेने जगातला पहिला म्हणून ओळखला जाणारा रेडिओ डान्स भरवला. बँड वाजत होता जॉर्जिया टेकच्या कँपसवर. नाचणारी दीडशेक मंडळी, बहुतेक कॉलेजचीच पोरं, होती शहराच्या मध्यवस्तीतल्या कॅपिटल सिटी क्लबच्या गच्चीवर. मधे फक्त हवा! पिट्सबर्गचं केडीकेए हे प्रसिद्ध स्टेशन सुरू झालं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, आणि हा प्रयोग त्याच्याही आधीचा. घरोघरी रेडिओ नव्हता, तेव्हा संगीत एकीकडे आणि शरीरं दुसरीकडे ही कल्पनाच भुताटकीची वाटली असेल.

संगीत हवेतून पाठवता येतं, तर मग नाच का नाही? मरेच्या डोक्यात हा किडा आधीपासून वळवळत होता. आधी त्यानं हलती चित्रं दाखवणाऱ्या किनेटोस्कोपच्या मदतीने पोस्टाने धडे विकून पाहिले. थोडे दिवस चाललं, मग अडचणी आल्या. त्यानंतरची कल्पना सुचली त्याची गोष्ट मजेदार आहे. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्याशी त्याचं बोलणं झालं. त्यांनी म्हणे थट्टेत सुचवलं, की आधी फक्त डावा पाय शिकवावा आणि पैसे हातात पडेपर्यंत उजव्या पायाचं गुपित सांगूच नये. ब्रायनसाहेब हसून मोकळे झाले, मरे मात्र विचार करत बसला. डावा पाय, उजवा पाय, त्यांना नंबर, त्यांच्यामध्ये बाण. झालं की ड्रॉइंग! काळे-पांढरे बुटांचे ठसे छापलेले कागद पोस्टाने घरी येणार, ते जमिनीवर ठेवायचे आणि नंबराप्रमाणे पाऊल टाकत जायचं. दोनेक वर्षांत पाच लाखांवर कोर्स विकले गेले, असं सांगतात. कार्टूनमध्ये जमिनीवर पावलं काढलेली आणि त्यावर धडपडणारा माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर त्याचं मूळ हे.

ही कल्पना नर्तकाला सुचली असं मला वाटत नाही. ती ड्राफ्ट्समनला सुचली. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगने आपल्या सगळ्यांचा जीव खाल्ला आहे, त्यामुळे चटकन कळेल. मरेचा पावलांचा नकाशा म्हणजे नाचाचा टॉप व्ह्यू. वरून बघितलं तर पाय कुठे पडतो ते अचूक. पण फ्रंट व्ह्यू कुठे आहे? गुडघा किती वाकला, टाच कधी टेकली, वजन कधी एका पायावरून दुसऱ्यावर गेलं, हे वरून दिसतच नाही. आणि वेळेचा अक्ष तर कागदावर नाहीच. वॉल्ट्झ किंवा फॉक्सट्रॉटसारख्या सरकत जाणाऱ्या नाचात हे खपून जातं. मरेची लाडकी मॅजिक स्टेप घ्या. स्लो, स्लो, क्विक, क्विक. स्लोला दोन मात्रा, क्विकला एक, एकूण सहा. गाणं मात्र चार-चार मात्रांचं. म्हणजे दोन आवर्तनं झाली की तीन बार पूर्ण होऊन पाय आणि गाणं परत समेवर भेटतात. तबला शिकलेल्यांना यात काही विशेष वाटणार नाही, पण ज्याला नाचाची भीती वाटते त्याला एवढी एकच चाल पाठ केली की तासभर फ्लोअरवर निभावता येतं. बिचाऱ्या लाजाळू माणसांवर मरेचे खरे उपकार आहेत ते हे.

सांबा आला की हा नकाशा फाटतो. पण सांबापर्यंत पोहोचायच्या आधी कॅथरीनबद्दल सांगायला हवं.

न्यू जर्सीतल्या एका रेडिओ स्टेशनवरून मरे नाचाचा धडा देत होता. (रेडिओवरून नाच! माणसाची चिकाटी बघा.) ऐकायला आलेल्यांमध्ये कॅथरीन कोनफेल्डर नावाची मुलगी होती. २४ एप्रिल १९२५ रोजी त्यांचं लग्न झालं. तो तीस वर्षांचा, ती एकोणिसाचीही नव्हती. पुढे पोस्टाचा धंदा उतरला आणि दोघांनी न्यूयॉर्कमध्ये समोरासमोर शिकवणारी शाळा काढली. एक विद्यार्थी, एक शिक्षक. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने शिक्षकाची गरजच संपवायचा कागद शोधून काढला होता, तोच माणूस परत शिक्षकाकडे आला. त्यालाही कळलं असणार, की हालचालीतला मोठा भाग एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे थेट जातो. हातात हात असला की समोरच्याचं वजन कुठे आहे ते तळव्यातून समजतं, ते कुठल्याही शीटवर काढता येत नाही. त्याच्याकडे शिकून गेलेल्यांत एलिनॉर रूझवेल्ट, ड्यूक ऑफ विंडसर आणि मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी अशी नावं आहेत. डेम्प्सीसारखा गडी फॉक्सट्रॉटची पावलं मोजतोय हे चित्र मला फार आवडतं.

१९३७-३८ च्या सुमारास बिग अॅपल नावाच्या नाचाची लाट आली. साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत कृष्णवर्णीयांचा क्लब होता, तिथे हा नाच जन्मला. गोऱ्या कॉलेजच्या पोरांनी तो बघितला, उचलला, आणि मरेच्या शिक्षकांनी हॉटेलांच्या साखळीतून देशभर शिकवला. तिथूनच त्याच्या नावाने गावोगावी स्टुडिओ निघू लागले, म्हणजे आपल्या भाषेत फ्रँचायझी. नाच ज्यांचा, त्यांना यातून काय मिळालं? मरेच्या यशाच्या गोष्टी लिहिणारे इथे पान उलटतात. मला उलटता आलं नाही.

सांबाची गोष्ट अशीच, फक्त देश वेगळा. बाहिया प्रांतातून रिओ द जानेरोत आलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या वस्त्यांमध्ये तो वाढला. एके काळी सांबा वाजवला म्हणून पोलीस पकडायचे. १९१७ च्या कार्निव्हलमध्ये एक सांबा प्रचंड गाजला, १९२८ मध्ये पहिली सांबा शाळा निघाली, आणि बघता बघता तो ब्राझीलची ओळख बनला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात ब्राझीलचं दालन होतं. त्याच वर्षी कार्मेन मिरांडा ब्रॉडवेवर आली, डोक्यावर फळांची टोपी, आणि अमेरिका वेडी झाली. सरकारलाही दक्षिण अमेरिकेशी दोस्ती हवी होती. मग लोकांना सांबा यायलाच हवा! मरेच्या स्टुडिओंमध्ये रुंबाच्या जोडीला सांबा आला, आणि त्याच्या नाच शिकवणाऱ्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत सांबाचे ठसेही आले.

इथे थोडं थांबते, कारण हा लेख मी लिहायला घेतला तोच यासाठी. आमच्या डान्स क्लबमध्ये बॉलरूम सांबा बसवायचा ठरला तेव्हा मी आणि माझ्या रूममेटने मरेच्या पद्धतीने खडूने फरशीवर पावलं काढली. पुढे, शेजारी, जागेवर. मागे, शेजारी, जागेवर. पाच मिनिटांत पाठ. पावलं शंभर टक्के बरोबर, आणि तरीही ते रेशनच्या रांगेत पुढे सरकल्यासारखं दिसत होतं. सांबा त्यात कुठेच नव्हता. मग आम्ही स्टॉपवॉच आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. इंजिनिअर दुसरं काय करणार?

सांबाचं संगीत दोन मात्रांचं. स्पर्धेतला वेग मिनिटाला साधारण पन्नास बार, म्हणजे शंभर मात्रा, म्हणजे एका मात्रेला ०.६ सेकंद. या दोन मात्रांत पावलं पडतात तीन, आणि ती सारखी नसतात. पहिल्याला पाऊण मात्रा, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला पूर्ण. मोजताना एक, अ, दोन असं मोजतात, तो मधला चिमुकला 'अ' म्हणजे दुसरं पाऊल. सेकंदात सांगायचं तर ०.४५, ०.१५ आणि ०.६. त्या ०.१५ सेकंदात पाऊल टाकून त्यावर सगळं वजन द्यायला वेळच नसतो. द्यायचंही नसतं! पायाच्या चवड्याने जमिनीला नुसतं विचारायचं आणि निघायचं. खडूने काढलेले तिन्ही ठसे सारखेच ठसठशीत होते, तिथेच घोळ होता. खरं तर मधला ठसा फिकट काढायला हवा.

पण नुसतं टायमिंग जमूनही सांबा होत नाही. खाली आणखी एक घड्याळ चालू असतं. त्याला बाउन्स म्हणतात. ज्या पायावर वजन आहे त्याचा गुडघा आणि घोटा अर्ध्या मात्रेत वाकतो, अर्ध्या मात्रेत सरळ होतो, म्हणजे ०.३ सेकंद खाली, ०.३ सेकंद वर. ठोका पडतो तेव्हा शरीर खाली असतं, दोन ठोक्यांच्या मधे वर. आता मजा बघा. पावलं वेडीवाकडी, पाऊण-पाव-एक, आणि गुडघे मात्र शिवणयंत्रासारखे समान. वरच्या आणि खालच्या हालचालीचा हिशोब वेगळा, आणि दोन्ही एकाच पायात! त्यात कंबर हलकेच पुढे-मागे झुलते, कारण गुडघ्यातून आलेली उसळी कुठेतरी जिरायला हवी. ती कमरेत जिरली नाही तर डोक्यापर्यंत पोहोचते आणि माणूस उड्या मारणाऱ्या सशासारखा दिसतो. चांगल्या नर्तकाचे खांदे आणि डोकं शांत असतं. एसटीचे शॉक अॅब्सॉर्बर आणि चांगल्या कारचे यातला फरक आठवा.

आम्हाला हे जमलं ते पावलं सोडून दिल्यावर. आठवडाभर एकाच जागी उभं राहून फक्त गुडघे. ठोक्याला खाली, मधे वर. मग त्यावर वजन इकडून तिकडे. मग 'अ'. आणि पाऊल सगळ्यात शेवटी. म्हणजे मरेच्या बरोबर उलट क्रमाने. आणखी एक, सांबामध्ये सुर्दो नावाचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर वजन टाकतो. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या पोरींना तो जड ठोका लगेच ऐकू आला. मी कॉन्व्हेंटमध्ये पियानोच्या तासाला पहिल्या मात्रेवर मान हलवायला शिकलेली, मला तो ठोका कानात बसायला वेळ लागला.

पावलांच्या नकाशाच्या या मर्यादा पुढे इतरांनी ओळखल्या. इंग्लंडमध्ये वॉल्टर लेअर्ड या स्पर्धा गाजवलेल्या नर्तकाने १९६१ मध्ये लॅटिन नाचांच्या तंत्राचं पुस्तक काढलं, त्यात प्रत्येक पावलासाठी तक्ते आहेत: पाय कुठे, वळण किती, मात्रा किती, शरीराची क्रिया कोणती. टॉप व्ह्यूला बाकीचे व्ह्यू जोडले म्हणा ना. रिओच्या वस्तीतली म्हातारी मात्र हे सगळं कोष्टक न बघताच करते, आणि तिचा सांबा या बॉलरूमच्या सांबापेक्षा बराच वेगळा असतो, हेही नोंदवून ठेवते.

मरेकडे परत येते. १९४२ मध्ये एका हॉलिवूडपटात त्याच्या नावाचं विनोदी गाणंच आलं, घाईघाईत त्याच्याकडे नाच शिकून गोंधळ उडालेल्या मुलीचं. त्यानं ते मनावर घेतलं नसावं, फुकटची जाहिरातच ती. १९५० मध्ये तो टीव्हीवर आला. कार्यक्रम त्याच्या नावाचा, पण सूत्रं कॅथरीनच्या हातात. ती बोलायची, पाहुण्यांशी विनोद करायची, नाटुकल्यांत धडपडायची. आर्थर कॅमेऱ्यासमोर अवघडलेलाच, लग्नमंडपातल्या भिंतीला टेकलेला तो मुलगा अजून आत होता की काय! दर भागाच्या शेवटी दोघं वॉल्ट्झ करायचे. दहा वर्षांत हा कार्यक्रम अमेरिकेतल्या चारही नेटवर्कवर फिरला. १९५७ च्या डिसेंबरमध्ये बडी हॉली तिथे गिटार घेऊन उभा होता, आणि बॉलरूमवाल्यांच्या सभ्य मंडळींसमोर रॉक अँड रोल वाजला.

एवढ्या मोठ्या पसाऱ्याला वाळवीही लागली. १९६० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मरेच्या कंपनीविरुद्ध आदेश काढला, गिऱ्हाइकांच्या गळ्यात कोर्स मारण्याच्या पद्धतींबद्दल. आणि फ्लोरिडातला एक खटला तर लॉच्या पोरांना आजही शिकवतात. एकावन्न वर्षांची एक विधवा. घरी कोणी नाही, नाच शिकावा वाटलं म्हणून तिथल्या फ्रँचायझी स्टुडिओत गेली. तुमच्यात केवढं टॅलेंट आहे असं सांगत सांगत तिला एकामागून एक चौदा कोर्स विकले. एकूण २,३०२ तास, किंमत ३१,०९० डॉलर आणि ४५ सेंट. दिवसाला सहा तास लेक्चर धरली तरी ३८० हून जास्त दिवस झाले! तिच्या तक्रारीत म्हटलं होतं की तिला नाचाचं अंग तर नव्हतंच, संगीतातला ठोकाही धड ऐकू येत नव्हता. १९६८ मध्ये अपिलाच्या कोर्टाने तिची तक्रार ऐकण्यालायक ठरवली. खोटी स्तुतीसुद्धा फसवणूक ठरू शकते, हे त्या निकालामुळे कायद्याच्या पुस्तकात गेलं.

मरे तोपर्यंत कंपनीतून बाहेर पडला होता, १९६४ मध्येच. स्टुडिओत कोण काय बोललं याचा जाब त्याला विचारता येणार नाही. पण उजव्या पायाचं गुपित पैसे आल्यावर सांगायचं, या ब्रायनसाहेबांच्या विनोदाची मला ही केस वाचताना आठवण झाली खरी. ज्याला ठोका ऐकू येत नाही त्याच्यासमोर प्रामाणिक शिक्षकाने पहिल्या दिवशी टाळी वाजवून दाखवली पाहिजे. ठोका सापडेपर्यंत तीन महिने लागले तरी चालेल, पण पुढचा कोर्स विकू नये. आमच्या क्लबमध्ये नवीन येणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलांना आम्ही आता पहिले चार दिवस पावलं शिकवतच नाही. नुसत्या टाळ्या आणि गुडघे. दोन-तीन जण कंटाळून सोडून जातात, बाकीचे राहतात.

मरे दांपत्य हवाईला जाऊन राहिलं. त्यांना जुळ्या मुली होत्या. त्यातल्या जेनने हेन्री हाइमलिक नावाच्या डॉक्टरशी लग्न केलं. होय, तोच! घशात घास अडकला की मागून मिठी मारून पोटावर झटका द्यायचा तो हाइमलिक, ज्याचं पोस्टर आपल्या मेसमध्ये वॉश बेसिनच्या वर लावलंय. सासऱ्याने जगाला पावलं कुठे टाकायची ते चित्रं काढून दाखवलं, जावयाने १९७४ मध्ये हात कुठे ठेवायचे ते. घरात जेवणाच्या टेबलावर काय गप्पा होत असतील कोण जाणे.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी दोघं एका डिस्कोच्या टीव्ही कार्यक्रमात पाहुणे म्हणून आले, तेव्हा आर्थरने ऐंशी ओलांडली होती. ३ मार्च १९९१ रोजी होनोलुलूत तो वारला. कॅथरीन १९९९ च्या ऑगस्टमध्ये, तिथेच. त्याच्या नावाचे स्टुडिओ अजून बऱ्याच देशांत चालू आहेत आणि सांबा त्यांच्या कोर्समध्ये आहे. गच्चीवरच्या त्या रात्री बँडने जे कॉलेजगीत वाजवलं होतं, ते जॉर्जिया टेकच्या फुटबॉल मॅचला आजही वाजतं. आणि त्यावर नाचायला कोणालाही कागद लागत नाही.